तोलाराचं मत

मार्केट यार्डात गुळाचे रवे तोलत एकोणतीस वर्षं गेली.
काट्यावर काय चढतं आणि काय चढवलं जातं
हे हाताला आधी कळतं, डोळ्यांना मागाहून.
म्हणून वहिदाबी मुल्लाणी पुस्तक परत घेताना
"कसं होतं?" विचारतात, तेव्हा
"बरं होतं" म्हणून मी सटकत नाही.
रोजचे पाच रुपये मोजलेत. मत देऊनच जाणार.

रहस्यकथेला माझी एकच अट.
खुनी मला आधी भेटलेला असावा.
पान दहावर कपबशा उचलून नेणारा,
जिन्यात अंग चोरून वाट देणारा,
ज्याचं नाव मी वाचलं आणि विसरलो.
विसरलो ही चूक माझी. कबूल.
पण शेवटून दुसऱ्या प्रकरणात
सिंगापूरहून जुळा भाऊ उतरवलात
तर ते पारड्याखाली अंगठा घालणं झालं.
आमच्यात त्यापायी परवाना जातो.

आणि ते सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून
तास-तासभर उलगडा करणं!
कोल्हापुरात बारा माणसं एका खोलीत
गप्प ऐकत बसलेली मी तरी बघितली नाहीत.
तिसऱ्या वाक्याला कुणीतरी म्हणणारच,
"ते ऱ्हाऊ द्या सायेब, जेवणाचं कुणी सांगितलंय का?"

थरारकथा म्हणजे पावडर मारलेला गूळ.
सौद्याच्या सकाळी पिवळाधमक,
हात लावायच्या आत बोली चढते,
आषाढात पाघळतो.
वाचत नाही असं नाही. रात्री अडीचपर्यंत वाचतो,
पाणी प्यायला उठत नाही.
सकाळी काट्यापुढं उभा राहतो
तर नायकाचं नाव आठवत नाही.
बहात्तर तास बॉम्ब शोधतो म्हणे.
ना भूक, ना लघवी, ना कंबर.

अद्भुत राज्यांकडं मी उशिरा वळलो.
पहिल्या पानावरचा नकाशा आधी सरळ उलटायचो.
आता नदीवर बोट ठेवून खाली खाली जातो.
डोंगर चढणारी नदी दोन पुस्तकांत पकडली.
घोडे उडू देत, झाडं बोलू देत, हरकत नाही,
फक्त त्या घोड्यांना वैरण कोण टाकतं
ते एकदा लिहा.
एकानं लिहिलं होतं.
पंखवाल्या घोडीची लीद काढणारी बाई,
पिसं गोळा करून उशी भरणारी,
जिला लढाईच्या दिवशी कुणी उठवलंच नाही.
तिच्यापायी ते साडेसातशे पानांचं धूड
मी तीनदा भाड्यानं नेलं.

एकदा चाळिसाव्या पानावर
माझ्या आधीच्या कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं :
डॉक्टर.
बास, एवढंच.
दोन दिवस पुस्तकाला शिवलो नाही, इतका संतापलो.
मग वाचलं.
डॉक्टर पोराच्या गुडघ्याला पट्टी बांधत होता,
दुखू नये म्हणून हळूच फुंकर घालत होता,
आणि मला एकट्याला माहीत होतं.
असा घाबरलो नव्हतो कधी.
तेव्हापासून "शेवट सांगू नका" म्हणणाऱ्यांशी
माझं फारसं जमत नाही.

एकोणीसच्या पुरात दुकानाच्या खालच्या फळ्या बुडाल्या.
वहिदाबींनी पुस्तकं दोरीवर वाळत घातली,
पानापानावरून इस्त्री फिरवली.
तरी काहींची शेवटची वीस-पंचवीस पानं
वीट होऊन बसली.
ती त्या निम्म्या भाड्यात देतात.
हल्ली मी तीच मागून घेतो.
खुनी आत आहे, ओलीच्या वासात,
बाहेर सगळे अजून संशयित,
कपबशावालासुद्धा.
नख लावून बघावंसं वाटतं. लावत नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत
त्यातलं एक छोट्या काट्यावर ठेवलं.
चारशे दहा ग्रॅम.
पुराआधी किती भरत होतं
ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.